नोकरी शोधणारे, न शोधणारे आणि अबू फैसलची कॉफी

आमच्या एचआरच्या खोलीत दोन कपाटं आहेत. एकात फाइली आणि दुसऱ्यात खजूर. जुन्या फाइली श्रेडरमध्ये जातात, खजूर पोटात जातात. किश्शांचं काय करायचं ते मात्र कुणी सांगितलेलं नाही, ते नुसते साठत जातात. चिपळूणला सुट्टीवर गेलो की मित्र विचारतात, "काय रे नितीन, त्या वाळवंटात बसून करतोस तरी काय?" आता समोर अख्खा तांबडा समुद्र आहे हे यांना कोण सांगणार! मी आपला एक किस्सा सांगायला घेतो आणि मग घरून जेवायचे फोन येईपर्यंत कुणी उठत नाही.

तर मंडळी, आमचं हॉस्पिटल सौदीतल्या यान्बूत. खासगी, मध्यम आकाराचं. रिफायनरीतले कामगार, बंदरावरचे खलाशी आणि गावातली कुटुंबं असे सगळे पेशंट. एचआरमध्ये आम्ही तिघं. मॅनेजर अबू फैसल, म्हणजे फैसलचे बाबा. इथे बापाला थोरल्या मुलाच्या नावानेच हाक मारतात. खरं नाव पगाराच्या स्लिपवर असतं, तेवढंच. दुसऱ्या आमच्या हमीदाआपा, श्रीवर्धनच्या. आणि तिसरा मी.

आमच्याकडे इंटरव्ह्यूला येणारे बरेच जण बेकारभत्ता घेणारे असतात. इथल्या नागरिकाची नोकरी स्वतःचा दोष नसताना गेली, तर सरकार काही महिने भत्ता देतं. पण घरी पाय पसरून बसायचं नाही! पोर्टलवर नाव नोंदवा, अर्ज करा, ऑनलाइन ट्रेनिंग घ्या, बोलावलं की इंटरव्ह्यूला जा. आणि जमण्यासारखी नोकरी कुणी देऊ केली आणि तुम्ही नको म्हणालात, तर भत्ता बंद. खलास!

हे शेवटचं कलम लक्षात ठेवा. आमचे निम्मे किस्से त्यातूनच निघालेले आहेत.

*

तुर्की नावाचा पोरगा आला. देश नव्हे, पोराचंच नाव. मोबाइलच्या दुकानात होता, दुकान बंद पडलं. भत्ता सुरू झाला आणि पठ्ठ्याला झोपेची गोडी लागली. त्याला नोकरी नको होती, पण "नको" म्हणायची सोय नव्हती. म्हणजे नको आम्हीच म्हणायला हवं होतं. त्यासाठी तो घरून पूर्ण तयारी करून आला होता.

"मला कॉम्प्युटर येत नाही," त्याने बसल्या बसल्या जाहीर केलं.

"बरं," अबू फैसल म्हणाले.

"सकाळी मला जाग येत नाही. दुपारपर्यंत झोपतो."

"बरं."

"आणि मला राग फार लवकर येतो. लोकांवर ओरडतो मी!"

एवढं बोलून तो निश्चिंत झाला. आता हे मला हाकलणार, असा आनंद त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता. अबू फैसलनी त्याच्या कपात आणखी कॉफी ओतली.

"बेटा, इमर्जन्सीच्या दारावर आम्हाला नाइट शिफ्टला गार्ड हवाय. तिथे कॉम्प्युटर नाही. दिवसभर झोपायचं. आणि एका पेशंटबरोबर अख्खं खानदान आत घुसतं, त्यांच्यावर ओरडणारा माणूस आम्ही कधीपासून शोधतोय. मबरूक! अभिनंदन!"

तुर्कीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

*

त्याच दिवशी नूरा आली. ती मात्र दुसऱ्या जातकुळीची. तिला नोकरी हवीच होती.

पस्तिशीची बाई. नवऱ्यापासून वेगळी झालेली, पदरात दोन मुलं. एका छोट्या क्लिनिकमध्ये रिसेप्शनला होती, ते क्लिनिक बंद झालं. भत्त्यावर घर चाललं होतं, पण तो शाळेची परीक्षा होईपर्यंतच पुरणार होता. तोवर काम मिळालं नाही, तर यान्बूतलं भाड्याचं घर सोडून मुलांना घेऊन जिझानला भावाकडे जायचं. जिझान म्हणजे पार दक्षिणेला. तिथल्या डोंगरात तिच्या वडिलांची कॉफीची झाडं होती, आता ती भाऊ बघतो.

"भाऊ चांगला आहे," ती हमीदाआपांना म्हणाली. "पण त्याच्या घरात मला चहासुद्धा विचारून करावा लागतो. आणि माझ्या मुलीला इथे आत्ता कुठे मैत्रिणी मिळाल्यात."

अबू फैसलना ती एकदम पसंत पडली. पण रिसेप्शनच्या नेमणुकीवर शेवटची सही असते मेडिकल डायरेक्टरांची. आणि आमचे मेडिकल डायरेक्टर म्हणजे सांगलीचे डॉ. पाटणकर! त्यांचं एकच म्हणणं, रिसेप्शनवरच्या माणसाला इंग्रजी आलंच पाहिजे. बंदरावर जगभरचे खलाशी उतरतात, त्यांना रस्ता कोण दाखवणार?

नूराने भत्त्यासाठीचं ऑनलाइन ट्रेनिंग मन लावून केलं होतं. त्यात इंग्रजीचा एक परिच्छेद पाठ करून घेतात. तो तिने घडाघडा म्हणून दाखवला. डॉक्टर खूश झाले. म्हणाले, "छान! आता समजा, मी पेशंट आहे. मला सांगा, एक्स-रे कुठे आहे?"

नूराने घाम पुसला आणि इंग्रजीत म्हणाली, "आय ॲम अ हार्डवर्किंग अँड मोटिव्हेटेड पर्सन!"

डॉक्टर माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "नितीन, बाई मेहनती आहेत हे पटलं. पण माझा एक्स-रे राहिलाच की रे!"

*

त्या ट्रेनिंगने आम्हालाही छळलंय. सगळ्यांनी तोच कोर्स केलेला, त्यामुळे सगळ्यांची उत्तरं तीच. "तुमचा सगळ्यात मोठा दोष कोणता?" असं विचारलं की प्रत्येक जण मान खाली घालून सांगणार, "मी फार जास्त काम करतो." एका सकाळी लागोपाठ सगळ्यांनी हेच सांगितलं. अबू फैसल वैतागून म्हणाले, "इतकी माणसं जास्त काम करणारी आहेत, तर मग या देशात काम उरलंच कसं?"

शेवटी एक मुलगी आली, नुकतीच पदवी घेतलेली. दोषाचा प्रश्न आलाच. ती म्हणाली, "मी खरं बोलते."

"हा काय दोष झाला? उदाहरण दे."

"सर, तुमच्या दाढीत अंडं आहे."

अबू फैसलनी दाढीवरून हात फिरवला. अंडं होतं. नाश्त्यापासून होतं. त्यांनी आधी हमीदाआपांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आणि तुम्ही दोघं सकाळपासून काय करत होता?"

मुलगी आता आमच्या क्वालिटी डिपार्टमेंटला आहे. सगळे तिला घाबरून असतात.

*

हे भत्त्याचं सगळं हमीदाआपांनी एकदा फोनवर आपल्या आईला समजावून सांगितलं. नोकरी गेली की सरकार पैसे देतं, अट एवढीच की रोज नोकरी शोधायची. आई श्रीवर्धनला. सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली,

"अगो, मग तुझ्या भावाला तिथं पाठव की! तो तर कधीचा फुकट शोधतोय!"

आपांनी समजावलं की हा भत्ता परदेशी माणसाला नाही. आपली नोकरी गेली की इकामा, म्हणजे राहायचा परवाना, गेला आणि विमानाचं तिकीट हातात. हे सांगताना आपा हसत होत्या. पण फोन ठेवल्यावर त्यांनी पर्समधून स्वतःचं इकामाचं कार्ड काढून त्यावरची तारीख बघितली. आम्हाला हे माहीत नाही असं नाही. इथल्या लोकांना नोकऱ्या मिळाव्यात म्हणून आम्ही माणसं शोधतो, आणि एक दिवस कुणीतरी आमच्याही खुर्चीसाठी माणूस शोधणार आहे. मला विचाराल, तर मला याचा राग येत नाही. कधीकधी रात्री शिलकीचा हिशेब मांडत बसतो, एवढंच. मग कुणीतरी नवीन कामावर रुजू होतं, त्याची आई मिठाईचा डबा घेऊन येते आणि तो हिशेब राहून जातो.

*

आता तुर्कीचा पुढचा भाग. रुजू तर झाला, पण पहिल्याच आठवड्यात आमच्याकडे येऊन म्हणाला, "राजीनामा देणार." त्या संध्याकाळी त्याचे वडील आले. पांढरी दाढी, हातात काठी, वाळवंटातले जुने गृहस्थ.

आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला अबू फैसल स्वतः कॉफी देतात. लांब चोचीच्या भांड्यातून, बिनकानाच्या इवल्याशा कपात, वेलदोडा घातलेली पिवळसर कॉफी. म्हाताऱ्या बाबांनी कप घेतला आणि न पिता समोर टेबलावर ठेवून दिला. मी तेव्हा नवीन होतो, रियाधहून आलेला. तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात कॉफी कागदी ग्लासातून यायची. मला वाटलं, बाबांची कॉफी गार झाली. आपल्याकडे पाहुण्याचा चहा गार झाला की आपण काय करतो? मी तत्परतेने उठलो, भरलेला कप उचलला आणि म्हणालो, "थांबा, गरम आणतो!"

अबू फैसल खुर्चीतून अर्धवट उठले.

"नितीन! ठेव! ठेव तो कप खाली!"

मी बॉम्ब हातात असल्यासारखा तो कप परत ठेवला.

नंतर कळलं ते असं. जुन्या लोकांची रीत आहे. पाहुण्याला काही मागायचं असेल, तर तो कॉफीचा कप न पिता खाली ठेवतो. यजमानाने ओळखायचं. आणि यजमान "इशरब कहवतक", म्हणजे "तुमची कॉफी प्या" असं म्हणाला, की मागणं मान्य झालं. मग माघार नाही. हे म्हणायचा हक्क मात्र यजमानाचाच. ज्याच्या खोलीत बसलोय त्याचा, दुसऱ्या कुणाचा नाही. आणि मी तो कपच उचलून निघालो होतो!

अबू फैसलनी स्वतःला सावरलं आणि म्हणाले, "बाबा, मागा."

"माझ्या पोराने राजीनामा दिला तर घेऊ नका."

"इशरब कहवतक."

बाबांनी कॉफी प्यायली, कप हलवून 'पुरे' अशी खूण केली आणि काठी टेकत निघून गेले.

त्यानंतर तुर्कीने चारसहा वेळा तरी राजीनामा आणला. अबू फैसलचं उत्तर ठरलेलं. "घेतो ना. आधी बापाच्या पोटातली कॉफी परत आण!"

आता तो राजीनामा आणत नाही. घाबरलेल्या नातेवाइकांना बाकावर बसवून पाणी देतो. ओरडणं विसरलाय म्हणून अबू फैसल तक्रार करत असतात.

*

डॉ. पाटणकरांचं अरबी हा आमच्या हॉस्पिटलचा स्वतंत्र विषय आहे. ते सगळं पेशंटना तपासताना शिकलेत. त्यामुळे त्यांच्याकडे फक्त हुकूम आहेत. तोंड उघड. कुशीवर हो. औषध पी. श्वास घे. साधं "कसं काय, बरं आहे ना?" त्यांना येत नाही, पण "दुखतं तिथे बोट ठेव" हे अस्खलित!

एकदा लॅबसाठी एक मुलगा इंटरव्ह्यूला आला. तोही भत्त्यावरचा. पोरगा इतका घाबरलेला की स्वतःचं नावसुद्धा फाइलीत बघून सांगत होता. डॉक्टरांना दया आली. त्याला धीर द्यावा म्हणून ते प्रेमाने म्हणाले, "खुद नफस." दीर्घ श्वास घे.

पोराने छाती भरून श्वास घेतला. डॉक्टर त्याची सर्टिफिकेटं वाचू लागले. एक वाचलं, दुसरं वाचलं, तिसऱ्यावर कुठल्याशा कॉलेजचा शिक्का होता तो निरखून बघितला. मान वर करतात तो पोरगा लालबुंद!

"अरे, याला काय झालं?"

"सर," हमीदाआपा ओरडल्या, "सोडायला सांगा त्याला!"

डॉक्टरांनी घाईघाईने श्वास सोडायला सांगितलं. मग इंटरव्ह्यूच्या कागदावर शेरा लिहिला, "सूचना तंतोतंत पाळतो. लॅबसाठी उत्तम."

*

नूराने हार मानली नाही. हमीदाआपांनीही नाही. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत नूरा यायची आणि दोघी वेटिंग एरियात बसून इंग्रजी बोलायच्या. एकदा येताना तिने जिझानच्या कॉफीची पुडी आणली, भावाने पाठवलेली. अबू फैसलनी नुसता वास घेतला, डोळे मिटले आणि पुडी परत दिली.

"नोकरी लागल्यावर आण. आज घेतली तर लाच होईल. तेव्हा पार्टी होईल."

आता आपांचं इंग्रजी उत्तम आहे, पण ते श्रीवर्धनचं. प्रत्येक वाक्याच्या शेवटी "ना" येतोच. एके दिवशी एक फिलिपिनो खलाशी हाताला फडकं गुंडाळून वेटिंग एरियात भांबावून उभा होता. काउंटरवर गर्दी. आपा जागेवरून हलायच्या आत नूरा उठली.

"गो स्ट्रेट ना. देन लेफ्ट ना. एक्स-रे देअर ना. डोन्ट वरी ना!"

आणि त्याच्याबरोबर चालत दारापर्यंत गेलीसुद्धा. प्लास्टर घालून परत जाताना त्या खलाशाने तिला हात केला.

"थँक यू ना!"

आपांनी त्या दिवशी स्वतःच्या पैशाने सगळ्यांना शावरमा खिलवला. पण ही परीक्षा डॉ. पाटणकरांनी बघितलेली नव्हती. आणि मुलांच्या शाळेची परीक्षा तोंडावर आली होती. भावाने जिझानहून विचारलं होतं, सामानासाठी गाडी कधी पाठवू?

*

नूराचा शेवटचा इंटरव्ह्यू डॉक्टरांच्या केबिनमध्ये झाला. टेबलामागे डॉक्टर, बाजूला आम्ही तिघं. आम्ही सवयीने कॉफीचं भांडं घेऊन गेलो होतो. अबू फैसलनी सगळ्यांना कॉफी दिली. डॉक्टरांनी एका घोटात संपवली.

इंग्रजी सुरू झालं. एक्स-रे आला. लॅब आली. फार्मसी आली. आपा ओठांतल्या ओठांत बरोबर पुटपुटत होत्या. मग डॉक्टरांनी मध्येच इन्शुरन्सच्या मंजुरीबद्दल काहीतरी लांबलचक विचारलं आणि नूरा अडकली. एक शब्द आला, दुसरा आला, मग काहीच येईना. मला त्या क्षणी डॉक्टरांचा राग आला, खरं सांगतो.

डॉक्टरांनी तिची फाइल मिटली. माणूस वाईट नाही. माझ्याकडे बघून हळूच मराठीत म्हणाले, "प्रगती आहे रे. पण अजून थोडं हवं. पुढच्या वेळी बघू या, काय?"

मराठी नूराला कळलं नाही. मिटलेली फाइल कळली. ती उठली नाही. तिने हातातला भरलेला कप, एक थेंबही न पिता, डॉक्टरांच्या टेबलावर त्यांच्या बरोबर समोर ठेवला. आणि हात मांडीवर घेऊन बसली.

अबू फैसलचा कॉफी ओतणारा हात मध्येच थांबला. हमीदाआपांनी माझं मनगट घट्ट धरलं. या वेळी मी जागचा हललो नाही.

डॉक्टर कॉम्प्युटरवर काहीतरी टाइप करत होते. त्यांनी मान वर केली, तिच्याकडे बघितलं, मग कपाकडे. आता सांगलीचा माणूस, दारी आलेल्या बाईला तसंच कसं पाठवणार? त्यांचा चेहरा पाघळला. त्यांनी कप दोन बोटांनी तिच्याकडे सरकवला आणि आपल्या सगळ्यात प्रेमळ, पेशंटना औषध पाजायच्या आवाजात, बाईला म्हणतात तसं म्हणाले,

"इशरबी कहवतिक."

नूराने अबू फैसलकडे बघितलं. अबू फैसल छताकडे बघत होते. तिने कप उचलला, एका दमात रिकामा केला, उलट्या हाताने डोळे पुसले आणि कप हलवून 'पुरे' अशी खूण केली.

"मबरूक!" अबू फैसल उभे राहून एवढ्या जोरात ओरडले की बाहेरची नर्स आत डोकावली. हमीदाआपा रडायलाच लागल्या.

डॉक्टर एकदम खूश! माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बघितलंस नितीन? माझं अरबी ऐकून माणसं रडतात!"